गणवेशातील विद्यार्थी

सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या एखाद्या मोठ्या शाखेत एक तरी माजी सैनिक बहुधा भेटतोच. कधी तो प्रवेशद्वारापाशी बंदूक घेऊन उभा असतो, कधी रोखपालाच्या खिडकीमागे नोटा मोजत असतो, तर कधी कर्ज विभागात प्रकरणे तपासत असतो. या तिघांनीही सीमेवरची तीच थंडी सोसलेली असते आणि त्याच शिस्तीत तारुण्य घालविलेले असते. सैन्यानंतरच्या दुसऱ्या कारकिर्दीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. त्याला नशीब, गाव, घरची परिस्थिती अशी अनेक कारणे असतात. त्यांपैकी एक कारण कागदाचे असते, आणि तो कागद म्हणजे पदवीचे प्रमाणपत्र.

सैन्यातील सेवानिवृत्ती आणि आपल्या परिचयाची सेवानिवृत्ती यांत मोठा फरक आहे. बँकेतील कर्मचारी साठीला टेकल्यावर निवृत्त होतो. तोवर मुले मार्गी लागलेली असतात आणि घराचे कर्ज बहुतेक फिटलेले असते. शिपाई म्हणून भरती झालेल्या जवानाची सेवा साधारणपणे १७ ते १९ वर्षांत संपते. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला तरुण छत्तीस ते अडतीस या वयात घरी परततो. त्या वेळी मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्म्यावर आलेले असते. देशात दरवर्षी साधारण ६० हजार सैनिक निवृत्त होतात व त्यांतील बहुसंख्य पस्तीस ते पंचेचाळीस या वयोगटातील असतात. कामाची आणखी वीस-पंचवीस वर्षे समोर असताना हाती काय शिल्लक आहे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर निवृत्तीच्या दिवशी शोधून मिळत नाही. ते दहा-बारा वर्षे आधी शोधावे लागते.

समकक्ष आणि पदवीधर

सैनिकांत एक समज सर्वत्र आढळतो: पंधरा वर्षे सेवा झाली की माणूस आपोआप पदवीधर होतो. हा समज निराधार नाही, परंतु तो अपुरा आहे. केंद्र सरकारने १९८६ च्या अधिसूचनेद्वारे माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीच्या नियमांत एक सवलत दिली. दहावी उत्तीर्ण झालेल्या, सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र किंवा नौदल व वायुदलातील तत्सम प्रमाणपत्र मिळविलेल्या आणि किमान पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला, पदवी ही अट असलेल्या गट ‘क’ मधील पदांसाठी पात्र मानावे, अशी ती तरतूद आहे. त्या पदाला तांत्रिक वा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक नसावा, अशी तीत अट आहे. बँकांच्या लिपिक भरतीच्या जाहिरातीतही याच धर्तीची ओळ असते.

या सवलतीचे मोल बँकेतील मंडळींना चांगले ठाऊक आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत लिपिक संवर्गातील १४.५ टक्के आणि अधीनस्थ संवर्गातील २४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. या दोन्ही आकड्यांत अपंगत्व आलेले माजी सैनिक व हुतात्म्यांचे अवलंबित यांच्यासाठीचे ४.५ टक्के समाविष्ट आहेत. समकक्षतेची तरतूद नसती, तर दहावीनंतर भरती झालेल्या असंख्य जवानांना लिपिकाच्या परीक्षेला बसताच आले नसते.

पण ही समकक्षता नोकरीच्या एका विशिष्ट पायरीपुरती आहे. विद्यापीठाच्या प्रवेशखिडकीवर ती चालत नाही. तिच्या आधारे एम.ए., एम.कॉम. वा एम.बी.ए.ला प्रवेश मिळत नाही, बी.एड. करून शिक्षक होता येत नाही, कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसता येत नाही. गट ‘क’च्या वरच्या पदासाठीही ती उपयोगी पडत नाही. म्हणजे समकक्षतेने एकच दार उघडते आणि विद्यापीठाच्या पदवीने अनेक दारे उघडतात. हा फरक सैनिकाला बहुधा निवृत्तीचे कागद तयार होऊ लागल्यावर कळतो. तोवर अभ्यासाला लागणारी वर्षे हातातून गेलेली असतात.

दक्षिण दिल्लीतील पत्ते

सैनिकाच्या शिक्षणाचे बरेचसे निर्णय ज्या संस्थांत होतात, त्या योगायोगाने दिल्लीच्या दक्षिण भागात एकमेकींपासून फार दूर नाहीत. रामकृष्णपुरममधील वेस्ट ब्लॉकमध्ये संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय आहे. तेथून जवळच, मुनिरकाच्या पलीकडे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. आणखी दक्षिणेला, मेहरौली ओलांडून गेल्यावर, मैदानगढी येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू आहे. सैनिक सियाचीनला असो वा अंदमानात, त्याची पदवी बहुधा यांपैकी एखाद्या पत्त्यावरून निघते.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची स्थापना १९६९ मध्ये झाली. समाजशास्त्रे, भाषा आणि विद्यार्थ्यांचे राजकारण यांसाठी ते देशभर ओळखले जाते. त्याचे सैन्याशी असलेले नाते तितकेसे परिचित नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्र तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर जी बी.ए., बी.एस्सी. वा संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडतात, ती याच विद्यापीठाची असते. पुण्याचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, महूचे सैनिकी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय, सिकंदराबादचे इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिक अभियांत्रिकीचे सैनिकी महाविद्यालय आणि एळिमलाची नौदल प्रबोधिनी या संस्थाही त्याच विद्यापीठाशी जोडलेल्या आहेत.

या यादीतील आर्मी कॅडेट कॉलेज हे नाव सामान्य जवानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. ही संस्था १९६० मध्ये नौगाव येथे सुरू झाली, पुढे १९६४ मध्ये पुण्यास आली आणि १९७७ मध्ये देहरादूनच्या भारतीय सैनिकी प्रबोधिनीत स्थिरावली. येथे प्रवेश मिळतो तो सेवेत असलेल्या शिपाई, नायक, हवालदारांना. लेखी परीक्षा आणि सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीतून निवडला गेलेला जवान तीन वर्षे येथे शिकतो, पदवीधर होतो आणि नंतर प्रबोधिनीत एक वर्षाचे प्रशिक्षण घेऊन लेफ्टनंट होतो. ज्याला तो काल सलाम करीत असे, त्याच्याबरोबर आज भोजनकक्षात बसतो. सेवेत राहून मिळविलेली पदवी माणसाचे आयुष्य किती बदलू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

ही वाट अर्थातच थोड्यांसाठी आहे. वयाची मर्यादा, मर्यादित जागा आणि कठीण निवड यांमुळे बहुसंख्य जवान तिथवर पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा पत्ता आहे मैदानगढीचा.

टपालाने येणारे विद्यापीठ

संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इग्नूने १९८७ मध्ये व्यवस्थापन पदविका आणि दूरशिक्षण पदविका असे दोन अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हा विद्यार्थी होते ४,५२८. पुढे हा आकडा लाखांत गेला. वर्गात रोज हजेरी न लावता, छापील पुस्तके वाचून, गृहपाठ पाठवून आणि वर्षातून दोनदा, जून व डिसेंबरमध्ये, होणाऱ्या सत्रांत परीक्षा देऊन पदवी मिळविण्याची ही पद्धत सैनिकाच्या जीवनाला अनुरूप होती. त्याची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते. आज राजस्थान, उद्या नागालँड. अशा माणसाने कोणत्या महाविद्यालयात नाव घालावे? मुक्त विद्यापीठात नाव एकदा नोंदविले की ते त्याच्याबरोबर फिरते. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने हीच सोय मराठीतून केली. १९६२ ते १९६६ या कसोटीच्या काळात संरक्षणमंत्री राहिलेल्या यशवंतराव चव्हाणांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

इग्नूने पुढे सैन्यदलांसाठी स्वतंत्र विभागीय केंद्रांना मान्यता दिली. भूदलासाठी चंडीमंदिर, लखनौ, कोलकाता, पुणे, उधमपूर व जयपूर येथे, नौदलासाठी नवी दिल्ली, मुंबई, कोची व विशाखापट्टणम येथे, आणि आसाम रायफल्ससाठी शिलाँग येथे ही केंद्रे उभी राहिली. प्रवेश अर्ज, ओळखपत्र, परीक्षा केंद्रातील बदल या कामांसाठी जवानाला दिल्लीकडे डोळे लावून बसण्याची गरज त्यामुळे कमी झाली. बारावी न झालेल्यांसाठी इग्नूने अनेक वर्षे पदवीपूर्व तयारीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालविला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला त्याद्वारे पदवीच्या वर्गात प्रवेश घेता येई. दहावीनंतर भरतीच्या मैदानावर धावलेल्या कित्येक मुलांना ही पायरी उपयोगी ठरली.

छावणी भागातील शाखांत काम केलेल्या जुन्या सहकाऱ्यांना या विद्यापीठाची दुसरी ओळख आहे. ऑनलाइन भरणा रुळण्यापूर्वी प्रवेश शुल्क डिमांड ड्राफ्टने भरावे लागे. प्रवेशाच्या अखेरच्या आठवड्यात ड्राफ्टसाठी रांग लागे आणि त्या रांगेत केस बारीक कापलेली, साध्या वेषातील पण ताठ उभी असलेली मुले हटकून दिसत. पुस्तके येत ती ५६ किंवा ९९ एपीओ या सैनिकी टपालाच्या पत्त्यावर. ज्या पिशवीतून घरची पत्रे येत, त्याच पिशवीतून अर्थशास्त्राची पुस्तकेही येत.

तासांचा हिशेब

पदवी म्हणजे प्रत्यक्ष किती श्रम, हे आकड्यांत मांडता येते. इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. वाचन, गृहपाठ, मार्गदर्शन असे सर्व त्यात आले. २०१९ मध्ये लागू झालेल्या रचनेत बी.ए.साठी १३२ श्रेयांक होते, म्हणजे एकूण ३,९६० तास. हा अभ्यास कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करण्याची मुभा होती.

सहा वर्षे धरली तर वर्षाला ६६० तास होतात. दररोज पावणेदोन तासांहून थोडे अधिक. वर्षातील केवळ २०० दिवस पुस्तक उघडता आले, तर हीच सरासरी दिवसाला तीन तासांच्या पुढे जाते. पहाटेची कवायत, दिवसभराचे काम, संध्याकाळचे खेळ आणि रात्रीचा पहारा सांभाळून हे तास काढायचे असतात. घरी बसलेल्या विद्यार्थ्याला जे सहज वाटते, ते येथे चिकाटीचे काम होते.

आता हाच हिशेब वयाशी जोडून पाहावा. जवानाने सेवेच्या तिसऱ्या वर्षी नाव नोंदविले, तर सर्व मुदत वापरूनही तो नवव्या वर्षी पदवीधर होतो. पुढच्या काळात पदव्युत्तर अभ्यास, संगणकाचा अभ्यासक्रम किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी यांना वाव राहतो. त्याने बाराव्या वर्षी सुरुवात केली, तर सहा वर्षांची मुदत अठराव्या वर्षी संपते. तोवर अनेकांची निवृत्ती झालेली असते. अभ्यास तोच, शुल्कही जवळजवळ तेच. पण उशिरा केलेल्या सुरुवातीची किंमत फार मोठी. आवर्त ठेवीचे खाते उघडणाऱ्या ग्राहकाला आपण जे समजावून सांगतो, तेच येथेही लागू पडते. हप्ता लहान असला तरी चालेल, आरंभ लवकर हवा.

जेव्हा परीक्षेच्या दिवशी मोर्चा असतो

हिशेब कागदावर जुळला तरी सैनिकाचे वेळापत्रक त्याच्या हाती नसते. १९९९ चे कारगिल युद्ध मे ते जुलै या काळात झाले. त्या जूनमध्ये ज्याची परीक्षा होती आणि ज्याची पलटण द्रासला होती, त्याच्यासाठी प्रश्नपत्रिका उघडण्याचा प्रश्नच नव्हता. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये सुरू झालेली ‘ऑपरेशन पराक्रम’ची सीमेवरील जमवाजमव ऑक्टोबर २००२ पर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिने चालली. जून २००२ ची परीक्षा नेमकी त्याच काळात आली. नैसर्गिक आपत्ती, निवडणुकीचा बंदोबस्त, रद्द झालेल्या रजा हे तर नेहमीचेच.

म्हणूनच सैनिकाच्या बाबतीत सहा वर्षांची मुदत ही चैन नव्हे, गरज आहे. एखादे सत्र बुडाले तर पुढच्या सत्रात तो विषय देता येतो. उत्तीर्ण झालेले विषय वाया जात नाहीत. परीक्षेचे केंद्र बदलून मागता येते. पण या सोयींचा लाभ घेण्यासाठी नियम ठाऊक असावे लागतात आणि अर्ज वेळेवर जावा लागतो. पलटणीतील सेना शिक्षण कोरचे शिक्षक येथे मोठे साहाय्य करतात. मध्य प्रदेशातील पचमढी येथे प्रशिक्षण घेतलेले हे शिक्षक जवानांना नकाशावाचन, भाषा आणि बढतीच्या परीक्षांचे विषय शिकवितात. एखाद्या पलटणीत असा शिक्षक उत्साही असेल आणि कमान अधिकाऱ्याला शिक्षणाची आस्था असेल, तर संध्याकाळी बराकीतील एका खोलीत दिवा लागतो व पाच-सहा जण एकत्र बसून अभ्यास करतात. हे घडते तेथे पदवीधर होतात. घडत नाही तेथे नाव नोंदविलेले विद्यार्थी हळूहळू गळतात.

अधिकाऱ्यांची पुढची पायरी

जवानासाठी पहिली पदवी जे करते, तेच अधिकाऱ्यासाठी पदव्युत्तर पदवी करते. अधिकारी पदवी घेऊनच सेवेत येतो. त्यामुळे त्याचा प्रश्न पुढच्या शिक्षणाचा असतो. सैन्य त्यासाठी निवडक अधिकाऱ्यांना अभ्यास रजा देते किंवा स्वतःच अभ्यासक्रमाला पाठविते. त्याच्या मोबदल्यात पुढे ठरावीक वर्षे सेवा करण्याची हमी घेतली जाते. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत नौदलाच्या अभियंत्यांसाठी युद्धनौका बांधणीचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. तीस जानेवारी मार्गावरील राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालय एप्रिल १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाले. ब्रिगेडियर व तत्सम हुद्द्याचे अधिकारी तेथे मुलकी सेवांतील आणि मित्रदेशांच्या अधिकाऱ्यांसमवेत सुमारे ४७ आठवडे अभ्यास करतात. या अभ्यासक्रमाला मद्रास विद्यापीठाची एम.फिल. जोडलेली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी देशभरातील एम.फिल. अभ्यासक्रम बंद झाले.

महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर यांचे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून त्या सैन्याच्या वैद्यकीय सेवेत आल्या. गणवेशात असतानाच त्यांनी बालरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे विशेष प्रशिक्षण पूर्ण केले. सैनिकांच्या मुलांसाठी या विषयाची उपचारव्यवस्था सैनिकी रुग्णालयांत उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे त्या आपल्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल हा हुद्दा मिळविणाऱ्या त्या देशातील तिसऱ्या महिला ठरल्या आणि दिल्लीत एकात्मिक संरक्षण मुख्यालयात वैद्यकीय विभागाच्या उपप्रमुख झाल्या. निवृत्तीनंतर २०२१ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांच्याकडे आले. सेवेत असताना घेतलेले शिक्षण आधी सैन्याच्या आणि नंतर समाजाच्या कामी आले, हे या प्रवासातून दिसते.

सेवा संपताना घ्यावयाच्या शिक्षणाची व्यवस्था रामकृष्णपुरमचे पुनर्वसन महासंचालनालय पाहते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील अधिकाऱ्यांसाठी भारतीय व्यवस्थापन संस्थांसारख्या नामवंत ठिकाणी सुमारे सहा महिन्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम योजले जातात. त्यांच्या शुल्काचा ६० टक्के भार महासंचालनालय उचलते. जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांसाठीचे अभ्यासक्रम विनाशुल्क असतात. हे अभ्यासक्रम उपयुक्त आहेत. मात्र ते पदवीची जागा घेत नाहीत.

अग्निवीर: चार वर्षे आणि दोन शिदोऱ्या

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने हा सारा हिशेब अधिक तातडीचा केला. अग्निवीराची सेवा चार वर्षांची; त्यानंतर तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंतच तरुणांना कायम सेवेत घेण्याची तरतूद. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पूर्ण होतात. सतरा वर्षे सेवा करणाऱ्या जवानाला अभ्यास पुढे ढकलण्याची थोडी तरी सवड होती, अग्निवीराला ती नाही. पंधरा वर्षांच्या सेवेवर आधारलेली समकक्षताही त्याच्या वाट्याला येत नाही.

योजनेसोबतच, १५ जून २०२२ रोजी, शिक्षण मंत्रालयाने इग्नूच्या तीन वर्षांच्या विशेष पदवी अभ्यासक्रमाची घोषणा केली. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पदवीसाठी लागणारे ५० टक्के श्रेयांक सैनिकी सेवेतील कौशल्य प्रशिक्षणातून मिळतात. उरलेले ५० टक्के भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, लोकप्रशासन, वाणिज्य, पर्यटन, कृषी अशा विषयांच्या अभ्यासातून मिळवावयाचे असतात. पहिल्या वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसरे पूर्ण केल्यास पदवी, अशा पायऱ्या आहेत. प्रशिक्षणाला शैक्षणिक मोल देण्याचा विचार पूर्णपणे नवा नव्हता. २००९ च्या सुमारास भूदल आणि इग्नू यांनी ‘ज्ञानदीप’ या प्रकल्पाद्वारे प्रशिक्षण केंद्रांना सामुदायिक महाविद्यालयांचा दर्जा देऊन हाच प्रयत्न केला होता.

बँकेच्या वाचकांना या अभ्यासक्रमाचे एका परिचित योजनेशी साम्य जाणवेल. अग्निवीराचे मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,००० रुपयांपासून चौथ्या वर्षी ४०,००० रुपयांपर्यंत ठरविले गेले. त्यातील ३० टक्के रक्कम सेवा निधीत जाते. चार वर्षांत त्याचे सुमारे ५ लाख २ हजार रुपये जमा होतात, सरकार तितकीच भर घालते आणि व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. सेवा निधीत निम्मा वाटा अग्निवीराचा, निम्मा सरकारचा. पदवीतही निम्मा वाटा प्रशिक्षणाचा, निम्मा स्वतःच्या अभ्यासाचा. फरक इतकाच की सेवा निधीचा हप्ता वेतनातून आपोआप कापला जातो. अभ्यासाचा हप्ता कोणी कापून घेत नाही. तो रोज स्वतःहून भरावा लागतो. चार वर्षांनंतर रक्कम सर्वांच्या खात्यावर येईल, पदवी मात्र ज्यांनी हप्ते भरले त्यांनाच मिळेल.

शिक्षणाच्या क्षेत्राने आता ‘बँक’ हा शब्दही स्वीकारला आहे. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू झाली. विद्यार्थ्याच्या नावे तेथे खाते उघडते, मिळविलेले श्रेयांक जमा होतात आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. या ठेवीला मुदत आहे. श्रेयांक साधारणपणे कमाल सात वर्षे वापरता येतात. सतत बदली होणाऱ्या माणसासाठी ही व्यवस्था सोयीची आहे. पण मुदत संपलेली ठेव जशी आपोआप कामी येत नाही, तसेच येथेही आहे.

घराने आणि शाखेने काय करावे

जवानाचा अभ्यास हा बहुधा दोन घरांचा उद्योग असतो. तो सीमेवर आणि कागदपत्रे गावी, अशी स्थिती असते. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र ही कामे पत्नी, भाऊ वा वडील करतात. प्रवेशाच्या व परीक्षा अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवणे, गृहपाठ पोहोचला की नाही याची चौकशी करणे आणि रजेवर आलेल्या माणसाला दिवसातील दोन तास मोकळे मिळवून देणे, इतके घराने केले तरी मोठे साहाय्य होते. महाराष्ट्रात प्रत्येक पालकाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता माहीत करून घ्यावा. पुढे नोकरी, शिष्यवृत्ती व प्रमाणपत्रे यांसाठी तेथे जावेच लागते.

शाखेतील सहकाऱ्यांनाही काही करता येण्यासारखे आहे. सैनिकाचे वेतन खाते उघडताना आपण विमा, नामनिर्देशन, बचत यांची चौकशी करतो. त्याच ओघात “पुढच्या शिक्षणाचे काय ठरविले आहे?” हा एक प्रश्न विचारावा. सेवा निधी किंवा निवृत्तीची रक्कम घेऊन आलेल्या माजी सैनिकाला ठेवीचे दर सांगताना त्यातील थोडा भाग अपुऱ्या राहिलेल्या पदवीसाठी बाजूला ठेवण्याचा सल्ला द्यावा. आपल्या शाखेत समकक्षतेच्या आधारे आलेले लिपिक किंवा दारावर उभे असलेले माजी सैनिक असतील, तर त्यांनाही मुक्त विद्यापीठाची वाट अजून बंद झालेली नाही, हे सांगावे. चाळिशीत मिळालेली पदवी विसाव्या वर्षीच्या पदवीइतके सारे काही देत नसेल, पण पुढच्या शिक्षणाचा अधिकार ती तितकाच देते. तो घेण्यासाठी निवृत्तीची वाट पाहू नये, आणि निवृत्ती झालेली असेल तर पुढच्या प्रवेश सत्राची तारीख आजच पाहून ठेवावी.